वसंतात घरबसल्या पक्षी, किडे, फुलपाखरं बघायला सुरुवात कशी करायची (अगदी नवीन लोकांसाठी)

दरवर्षी थंडी ओसरायला लागली की कुणीतरी हमखास विचारतं, मलाही निसर्ग बघायचाय पण मी शहरात राहतो, जंगल लांब, कॅमेरा नाही, नावं येत नाहीत, मग सुरुवात कुठून करू? माझं उत्तर ठरलेलं आहे, घरातूनच करा आणि आत्ताच करा. आत्ताच यासाठी की वर्षभरात हाच एक काळ असा आहे जेव्हा प्राणी एका जागेला बांधलेले असतात. एरवी बुलबुल आज इथे दिसतो, उद्या चार गल्ल्या सोडून, आणि तो कालचाच की दुसरा हे कळायला काही मार्ग नाही. पण एकदा जोडी जमली, घरटं लागलं, की तोच नर, तीच मादी, रोज त्याच तारेवर आणि त्याच फांदीवर. तुम्ही उद्या परत बघायला गेलात की कालची गोष्ट एक पाऊल पुढे सरकलेली असते. शिकायला याहून चांगली संधी नाही.

मी वसंत म्हणतोय तो थंडी संपल्यापासून साधारण उन्हाळा संपेपर्यंतचा काळ. तुमच्याकडे तो नेमका कधी सुरू होतो हे कॅलेंडरवरून ठरवू नका, समोरच्या झाडावरून ठरवा. कळ्या फुगल्या, कोवळी तांबूस पानं दिसली, की झालं सुरू.

पायरी १: एकच जागा पकडा

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि नवीन लोक नेमकं हेच सोडून देतात. आज या गार्डनमध्ये, उद्या त्या तळ्यावर, परवा टेकडीवर असं फिरत बसतात. तुम्ही एक जागा ठरवा, बाल्कनी, गच्ची, खिडकी, सोसायटीच्या बागेतला एखादा बाक, काहीही चालेल, फक्त तिथून एक तरी झाड, थोडं आकाश आणि पक्षी बसतील अशी एखादी तार किंवा भिंत दिसायला हवी. रोज १५ मिनिटं तिथे बसायचं. रोज जमत नसेल तर आठवड्यातून चार दिवस, पण जागा तीच.

बसल्यावर पहिली पाच मिनिटं काहीच दिसणार नाही, तेव्हा उठू नका. तुम्ही आलात म्हणून सगळे गप्प झालेले असतात किंवा सरकून बसलेले असतात, त्यांना तुमची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. खिडकीतून बघत असाल तर काचेला नाक लावून उभं राहण्यापेक्षा खोलीत दोन पावलं मागे बसा, आतला लाईट बंद ठेवा. हात उचलून बोट दाखवणं टाळा, पक्षी आवाजापेक्षा अचानक झालेल्या हालचालीला जास्त घाबरतात. मान वळवायची तीसुद्धा हळू.

पायरी २: वेळ

पक्ष्यांसाठी सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून ते सूर्य वर आल्यावर तासाभरापर्यंत. वसंतात नर गातात ते मुख्यतः दोन कारणांसाठी, ही जागा माझी आहे हे दुसऱ्या नराला सांगायला आणि मादीला बोलवायला, आणि हे सगळं पहाटे सगळ्यात जोरात चालतं. दयाळ पक्षी तुमच्या भागात असेल तर तो उजाडायच्या आधीच टीव्हीच्या अँटेनावर किंवा झाडाच्या शेंड्यावर बसून सुरू करतो, काळापांढरा, शेपटी वर करणारा, एकदा ओळखलात की परत चुकणार नाही.

लवकर उठणं जमत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, दहा-अकरानंतरचं ऊन फुलपाखरं, सरडे यांचं असतं. या मंडळींना अंग गरम करायला बाहेरची उष्णता लागते त्यामुळे ती उशिरा उठतात आणि उशिरा उठणाऱ्या माणसाला बरोबर सापडतात. भर दुपारी मात्र सगळं शांत. तेव्हा सावलीत बसलेला कावळा किंवा साळुंकी चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून जरा लांब धरून बसलेली दिसेल. ती आजारी नाहीये, पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात म्हणून ते धापा टाकून अंग थंड करतात.

पायरी ३: वही ठेवा, नाव नंतर लिहा

साधी वही. तारीख, वेळ, ऊन की ढग, आणि काय दिसलं. पण “काय दिसलं” म्हणजे नाव लिहायची घाई करू नका, तो काय करत होता ते लिहा. नाव आज नाही तर महिन्याने कळेल, पण आज त्याने काय केलं ते आज लिहिलं नाही तर गेलंच. माझ्या वहीत अशा नोंदी आहेत: “हिरवट छोटा पक्षी, शेपटी उभी, जास्वंदीचं एकच पान पुन्हा पुन्हा तपासतोय, दोन दिवस झाले.” तेव्हा मला नाव माहीत नव्हतं, तो शिंपी पक्षी होता आणि त्या पानावर त्याचं घरटं होणार होतं. नुसतं “शिंपी” लिहून ठेवलं असतं तर ते पान तपासणं माझ्या लक्षातही राहिलं नसतं.

पक्ष्यांबरोबर एक झाड पण वहीत घ्या. कळी कधी आली, पहिलं फूल कधी, पालवी कधी, फळ कधी धरलं, एवढ्या तारखा पुरतात. या साध्या तारखांना केवढी किंमत येऊ शकते याचं एक उदाहरण देतो. इंग्लंडमधल्या नॉरफकमध्ये रॉबर्ट मार्शम नावाच्या एका जमीनदाराने १७३६ मध्ये आपल्या आवारातल्या वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली, पहिलं फूल, झाडाला पहिलं पान, पहिला बेडूक, पहिली पाकोळी, आणि त्याच्या घरातल्या पुढच्या पिढ्यांनी ते १९५८ पर्यंत चालू ठेवलं. हवामान बदलल्यावर झाडं आणि प्राणी कसे बदलतात हे अभ्यासणारे लोक आजही त्या नोंदी वापरतात. तो माणूस काही प्रयोगशाळेत बसला नव्हता, स्वतःच्या आवारात बघत होता.

पायरी ४: रोजचे पाच पक्षी नीट बघा

दुर्मिळ पक्ष्याच्या मागे लागायच्या आधी चिमणी, कावळा, कबुतर, साळुंकी, बुलबुल हे पाच नीट बघून घ्या. हे पाच तुमची मोजपट्टी आहेत. नवीन पक्षी दिसला की पहिला प्रश्न, चिमणीपेक्षा लहान, साळुंकीएवढा, की कावळ्याहून मोठा? दुसरा प्रश्न, चोच कशी आहे, जाड आखूड म्हणजे दाणे फोडणारा, बारीक वाकडी म्हणजे फुलातला मध पिणारा, बारीक सरळ म्हणजे बहुतेक किडे टिपणारा. रंग सगळ्यात शेवटी बघा, कारण उजेड बदलला की रंग फसवतो, आकार सहसा फसवत नाही.

चिमणीचंच घ्या. नराच्या गळ्यावर काळा डाग, डोकं राखाडी, मादी साधी तपकिरी आणि डोळ्यामागे एक फिकट पट्टी, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण विणीच्या दिवसांत नराची चोच काळी होते हे फार कमी लोकांनी पाहिलेलं असतं, आणि ते आपल्या खिडकीतच घडत असतं. चिमण्या दाणे खातात असं आपण लहानपणापासून ऐकतो पण पिल्लांना त्या सुरुवातीला किडे आणि अळ्याच भरवतात. म्हणून ज्या बागेत कीटकनाशक मारलंय तिथे दाणे कितीही ठेवा, पिल्लांना त्याचा उपयोग नाही.

कबुतर अनेकांना नकोसं असतं पण त्याची एक गोष्ट बघण्यासारखी आहे. दोन अंडी, साधारण १८ दिवस उबवणं, आणि मग आई-बाप दोघंही गळ्याच्या पिशवीत तयार होणारा दुधासारखा घट्ट पदार्थ पिल्लांना भरवतात. पिल्लं महिनाभर घरट्यातच राहतात आणि जवळपास आईबापाएवढी होऊनच बाहेर पडतात, कबुतराचं पिल्लू कधी दिसत कसं नाही या प्रश्नाचं उत्तर हेच आहे.

पायरी ५: कान

वसंतात अर्धं बघणं कानांनीच होतं कारण पालवी आली की पक्षी दिसेनासे होतात. एका वेळी एकच आवाज शिका, आठवड्याला एक पुरे. कोकिळेपासून करा, सगळ्यांना माहीत आहे. पण ते कुहू कुहू नर करतो, तो काळा, लाल डोळ्यांचा, मादी तपकिरी आणि अंगभर पांढरे ठिपके, तिचा आवाज घाईघाईचा किक-किक-किक असा असतो. तो आवाज कावळ्याच्या घरट्याच्या आसपास आला तर लगेच बघा, कारण कोकिळा स्वतःचं घरटं बांधत नाही, कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते आणि कावळेच पिल्लू वाढवतात. मे-जूनच्या आसपास कावळा एखाद्या भलत्याच दिसणाऱ्या पिल्लाला भरवताना बघायला मिळू शकतो.

तांबटाचा टुक टुक टुक असा भांड्यावर हातोडी मारल्यासारखा एकसुरी आवाज भर उन्हातही चालू असतो, पक्षी छोटासा हिरवा आणि सापडायला अवघड. त्याच्यासाठी वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला गोल भोक शोधा, ते त्यानेच कोरलेलं घर असतं.

आणि एक आवाज सगळ्यात उपयोगाचा, तो म्हणजे आरडाओरडा. खार शेपटी झटकत चिप-चिप-चिप करत सुटलीये, बुलबुल, साळुंक्या, कावळे सगळे एकाच झाडाकडे तोंड करून ओरडतायत, म्हणजे तिथे मांजर, साप, घुबड किंवा शिक्रा यांपैकी कुणीतरी आहे. हातातलं काम टाकून बघायला जा. मला घराजवळचं पहिलं पिंगळा घुबड असंच दिसलं, मी शोधलं नव्हतं, खारीने दाखवलं.

पायरी ६: घरटं, पण लांबून

आता मुख्य भाग. घरटं शोधायचं म्हणजे झुडपं उचकायची नाहीत, पक्ष्याच्या चोचीकडे बघायचं. चोचीत गवत, काडी, कापूस, कोळ्याचं जाळं असेल तर बांधकाम चालू आहे. चोचीत किडा आहे आणि तो गिळत नाहीये, इकडेतिकडे बघत बसलाय, तर पिल्लं झालेली आहेत आणि तो तुम्ही जायची वाट बघतोय. चोचीत पांढरी गोळी घेऊन बाहेर उडाला तर ती पिल्लांची शी आहे, बऱ्याच छोट्या पक्ष्यांच्या पिल्लांची शी पातळ पिशवीत बंद होऊन येते आणि आईबाप ती उचलून लांब टाकतात, घरटं स्वच्छ राहतं आणि वासाने शत्रू येत नाही. या तीन खुणांवरून घरट्यात न डोकावता आत काय चाललंय ते कळतं.

कोण कुठे बांधतो ते थोडक्यात. बुलबुल वाटीसारखं घरटं झुडपात किंवा बाल्कनीतल्या दाट कुंडीत, तेही आपल्या कमरेच्या उंचीवर. शिंपी मोठ्या पानाच्या कडा चोचीने भोकं पाडून कापसाच्या, कोळिष्टकाच्या धाग्यांनी शिवतो आणि त्या द्रोणात घरटं करतो. शिंजीर लटकतं घरटं बांधतो, कोळ्याच्या जाळ्याने विणलेली पिशवी, बाहेरून कचरा चिकटवलेला, दाराला वर छज्जा, त्यामुळे तारेला अडकलेला कचराच वाटतो. हे बांधायचं काम बहुतेक मादीच करते, ती पिवळसर साधी दिसते. चमकदार जांभळा काळा नर आसपास गात असतो आणि पिल्लं झाल्यावर मात्र भरवायला येतो. कावळे काड्यांबरोबर तारेचे तुकडे पण वापरतात, फांदी वाकवून तोडताना दिसले की समजा सुरू झालं.

अंतराचं काय? नियम सोपा आहे, तुमच्यामुळे पक्ष्याचं वागणं बदललं तर तुम्ही फार जवळ आहात. तो घरट्यात जायचं टाळून फांदीवरून ओरडत असेल तर मागे व्हा, आणखी मागे व्हा, तो आत जाईपर्यंत. दहा मिनिटांच्या वर थांबू नका.

माझ्याकडून एकदा चूक झालीये आणि ती अजून मनाला लागून आहे. बाल्कनीतल्या कुंडीत बुलबुलाने तीन अंडी घातली होती आणि मी रोज, कधीकधी दिवसातून तीनदा, पानं बाजूला करून मोबाईलने फोटो काढत होतो. समोरच्या तारेवर कावळा बसलेला असायचा, त्याच्याकडे मी लक्षच दिलं नाही. कावळे फार हुशार असतात, माणूस एकाच जागी सारखा वाकून काय बघतोय हे ते बघतात, आणि बाजूला केलेली पानं परत आधीसारखी झाकली जात नाहीत. चौथ्या दिवशी घरटं रिकामं होतं. तेव्हापासून मी घरट्याचा फोटो काढत नाही, आणि तुम्हीही काढू नका. मोबाईलवर पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून त्याला बोलवणं तर अजिबात नको, नराला वाटतं दुसरा नर घुसलाय, आणि तो पिल्लांना भरवायचं सोडून भांडायला येतो. बऱ्याच देशांत घरटी, अंडी हलवणं हा कायद्याने गुन्हाही आहे.

याच दिवसांत एखादा पक्षी खिडकीच्या काचेवर किंवा गाडीच्या आरशावर चोच मारत बसतो, दिवसच्या दिवस. तो वेडा झालेला नाही, काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब त्याला दुसरा नर वाटतं. काच बाहेरच्या बाजूने काही दिवस कापडाने किंवा कागदाने झाका, आतून पडदा लावून सहसा उपयोग होत नाही.

पायरी ७: एका कुंडीसमोर वाका

पक्षी दिसत नाहीत म्हणणाऱ्यांनी ही पायरी पहिली करावी. एक झाड, एक कुंडी, वीस मिनिटं. पानांची खालची बाजू बघा, सगळं तिथेच असतं.

कोवळ्या शेंड्यावर मावा पडला की बहुतेकांचा हात फवाऱ्याकडे जातो. थांबा जरा. त्या बारीक हिरव्या-काळ्या किड्यांमध्ये पहिल्यांदा मुंग्या दिसतील, त्या मावा खायला आलेल्या नसतात, मावा झाडाचा रस पिऊन जो गोड द्रव बाहेर टाकतो तो त्या पितात आणि बदल्यात माव्याची राखण करतात. मुंगी आपल्या मिशांनी माव्याच्या पाठीवर थापटते आणि मागून थेंब येतो, भिंग असेल तर स्पष्ट दिसतं. चांगल्या दिवसांत माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं घालते, अंडी नाहीत, म्हणून दोन दिवसांत शेंडा भरून जातो. आणि मग येतो ढालकिडा, लाल पाठ, काळे ठिपके. तो सगळ्यांना ओळखू येतो, पण त्याची अळी कुणी ओळखत नाही, काळपट, लांबट, बारीक मगरीसारखी, बाजूला नारिंगी ठिपके. लोक तिलाच कीड समजून चिरडतात आणि माव्याचा सगळ्यात मोठा शत्रू आपल्याच हाताने घालवतात. माझं ऐका, एका झाडावरचा मावा मुद्दाम ठेवा आणि दोन आठवडे रोज बघा.

लिंबू किंवा कढीपत्त्याचं झाड असेल तर तुम्ही नशीबवान आहात. कोवळ्या पानावर फिकट पिवळा, मोहरीपेक्षा लहान गोल मणी दिसला तर ते लिंबावरच्या फुलपाखराचं अंडं. त्यातून निघालेली अळी थेट पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळी तपकिरी आणि मधे पांढरा डाग, त्यामुळे पक्षी तिला सोडून देतात. चार वेळा कात टाकल्यावर ती एकदम हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते. तिला हलकेच काडी लावली तर डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. एकदाच करा, परत परत त्रास देऊ नका. मग कोष, आणि साधारण आठवडा-दीड आठवड्यात फुलपाखरू. कोषाचा रंग गडद होऊन आतल्या पंखांची नक्षी दिसायला लागली की पुढच्या दिवशी सकाळी लवकर बघा. झाडाची काही पानं जातील, जाऊ द्या, परत येतात.

गुलाबाच्या पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे स्वच्छ गोल तुकडे गेलेले दिसले तर तो रोग नव्हे. एक एकटी राहणारी मधमाशी ते तुकडे नेऊन त्याची गुंडाळी करून आपल्या अंड्यांसाठी खोल्या बनवते. भिंतीवर किंवा खिडकीच्या चौकटीवर मातीचं छोटंसं मडकं दिसलं तर ते कुंभारीण माशीचं, ती त्यात अंडं घालते, नांगी मारून बधिर केलेल्या अळ्या भरते आणि तोंड बंद करते, बाहेर आलेल्या पिल्लाला ताजं अन्न समोरच. फुलांवर मधमाशीसारखी पिवळीकाळी पट्टेवाली पण हवेत एका जागी तरंगणारी माशी दिसली तर पंख बघा, मधमाशीला चार, या माशीला दोन. ही चावत नाही.

उडी मारणारा छोटा कोळी दिसला तर त्याच्यासमोर बोट हळूच हलवा, तो सगळं अंग वळवून तुमच्याकडे बघतो. पुढचे दोन डोळे मोठे असतात आणि शिकार तो जाळ्याने नाही, बघून आणि झेप घेऊन करतो. कुंपणावरच्या सरड्यावरही लक्ष ठेवा, ऊन वाढलं की नराचं डोकं आणि गळा लाल होतो आणि तो पुढच्या पायांवर दंड काढल्यासारखा वर-खाली होतो, ते दुसऱ्या नराला दाखवायला आणि मादीसाठी.

पायरी ८: संध्याकाळ

सूर्य मावळल्यावर अर्धा तास आकाशाकडे बघत बसा. पाकोळ्या घरी जातात आणि त्यांच्या जागी छोटी वटवाघळं येतात, उडणं एकदम वेगळं, पाकोळी सरळ तीरासारखी, वटवाघूळ झटके देत, वळत. जिन्यातल्या दिव्याखाली कोणते पतंग येतात ते बघा, सकाळी तेच भिंतीवर पंख पसरून झोपलेले असतात आणि तेव्हा अगदी जवळून बघता येतात. पालीलाही थोडा वेळ द्या, तिला पापण्या नसतात म्हणून ती जिभेने डोळे पुसते.

पायरी ९: साधनं आणि ॲप

पहिल्या वसंतात काही विकत घ्यायची गरज नाही. पुढे घ्यायचंच झालं तर आधी १० पट मोठं दाखवणारं छोटं भिंग घ्या, बाल्कनीवाल्याला दुर्बिणीपेक्षा त्याचा उपयोग जास्त. दुर्बीण घेताना ८×४२ बघा, ८ म्हणजे आठपट जवळ, ४२ म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलीमीटरमध्ये. १० किंवा १२ पटवाली नवीन माणसाच्या हातात हलते आणि पक्षी शोधेपर्यंत उडून जातो.

ॲपमध्ये मर्लिन पक्ष्यांसाठी, फोटोवरून आणि आवाजावरून पण सुचवतं, आयनॅचरलिस्ट किडे, झाडं, सगळ्यासाठी. ॲप सुचवतं ते अंदाज म्हणून घ्या, तुमच्या वहीतल्या वर्णनाशी जुळतंय का ते बघा आणि मगच नाव लिहा. आयनॅचरलिस्टवर नोंद टाकताना घरट्याजवळची असेल तर ठिकाण धूसर करायची सोय आहे, ती वापरा. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, घरातून १५ मिनिटं पक्षी मोजायचे आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाकायचे, नवीन लोकांनी जरूर भाग घ्यावा, पाच कबुतरं आणि दोन कावळे एवढंच दिसलं तरी ती खरी नोंद आहे.

पायरी १०: थोडी सोय करा

पाणी ठेवा. उथळ भांडं, दोन-तीन बोटं खोल, तळ खडबडीत, मधे एक दगड म्हणजे मधमाश्याही बसून पितील. पाणी रोज बदला, आठवड्यातून दोनदा घासा, नाहीतर डास होतात कारण अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. दाण्यांच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे, मी ठेवत नाही. दाणे ठेवले की बहुतेक ठिकाणी कबुतरंच वाढतात. त्याऐवजी फुलं येणारी चार झाडं लावा, फवारणी बंद करा, कोपऱ्यात थोडा वाळका पाला राहू द्या. आणि या तीन-चार महिन्यांत कुंपण, झुडपं छाटू नका, सोसायटीत कुणी छाटणार असेल तर आधी सांगा की आत घरटी असतील, बघून घ्या. लोक ऐकतात, अनुभव आहे.

पायरी ११: पिल्लू खाली सापडलं तर

हा फोन मला दर एप्रिलमध्ये येतो. आधी पिसं बघा. पिसं आलेली आहेत, आखूड शेपटी, टुणटुण उड्या मारतंय, तर ते पडलेलं नाही, ते उडायला शिकतंय. बऱ्याच पक्ष्यांची पिल्लं नीट उडता यायच्या आधीच घरटं सोडतात आणि आईबाप जमिनीवर येऊन भरवतात. तुम्ही उचलून घरी नेलंत तर त्यांच्यापासून तोडलंत. मांजर, रस्ता असा धोका असेल तर जवळच्या झुडपात उंचावर ठेवा आणि लांब जा. पिसं नाहीत, डोळे बंद, तर ते खरंच पडलंय, घरटं सापडलं तर हळूच परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे खरं नाही. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. जखमी असेल तर पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून, आत मऊ कापड घालून, अंधारात शांत ठेवा आणि जवळच्या वन्यप्राणी बचाव संस्थेला किंवा वनखात्याला फोन करा. घरात मांजर असेल तर पिल्लांच्या दिवसांत तिला निदान सकाळ-संध्याकाळ आत ठेवा.

पिल्लं घरटं सोडून गेली की वहीत तारीख लिहा आणि पुढचे पंधरा दिवस त्याच जागेच्या आसपास बघत राहा, पंख थरथरवत, चोच वासून मागणारी पिल्लं आणि त्यांच्यामागे धावणारे आईबाप हे तेव्हाच दिसतं. रिकामं घरटं लगेच काढू नका, बुलबुल, शिंजीर एकाच हंगामात दुसऱ्यांदा अंडी घालतात, कधी तिथेच, कधी शेजारच्या फांदीवर. महिनाभर तिथे कुणी फिरकलं नाही तरच ती कुंडी हलवा.